ख्रिस्ती न्यायविचार आणि देहान्तशासन

वसईच्या ज्या किल्ल्यावर १७३९ साली चिमाजी अप्पांनी निशाण चढवले, त्याच्या तटाच्या आत जेझुइट संघाचे एक जुने देवालय आहे. ते आज संत गोन्सालो गार्सियाच्या नावाने ओळखले जाते. किल्ला पाहावयास जाणारे आमचे वाचक बहुधा अप्पांच्या पराक्रमाची आठवण घेऊन जातात आणि तीच घेऊन परततात; त्यात वावगे काही नाही. परंतु या देवालयापुढे क्षणभर थांबले असता एक निराळाच विचार मनात येतो. ज्याच्या नावाने हे देवालय आहे, तो मनुष्य राजाज्ञेने झालेली देहान्त शिक्षा भोगून मेला. आणि ज्या क्रूसापुढे येथे मस्तक लववावयाचे, तोही मुळात वधाचेच साधन. ज्या धर्माने आपले मुख्य चिन्ह वधस्थानावरून घेतले, त्या धर्माचे घोर अपराधांच्या शासनाविषयीचे मत आरंभापासून निःसंदिग्ध असावयास हवे होते. ते तसे नाही. का नाही, आणि आज जे उत्तर दिले जाते ते कितपत कसास उतरते, हे पाहण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत.

प्रथम गोन्सालोची हकीकत. १५५७ च्या सुमारास वसईत त्याचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. वसईच्या जेझुइटांजवळ त्याचे शिक्षण झाले आणि कोवळ्या वयातच तो त्यांच्याबरोबर जपानात गेला. तिकडील भाषा त्याने उत्तम आत्मसात केली, पुढे काही काळ व्यापार केला, आणि अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात तो साधा बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाष्या म्हणून तो पुन्हा जपानात आला. १५९६ च्या अखेरीस हिदेयोशीने ख्रिस्ती प्रचारकांना पकडण्याचा हुकूम सोडला. पकडलेल्यांच्या डाव्या कानाचा भाग छाटण्यात आला, त्यांची धिंड काढण्यात आली, ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रूसांवर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांपैकी एक हा वसईकर. त्यांच्यातील पॉल मिकी या जपानी जेझुइटाने, आपल्याला मारणाऱ्यांना आपण क्षमा करतो असे क्रूसावरून सांगितल्याची हकीकत लुईस फ्रोइस या समकालीनाने लिहून ठेवली आहे.

हुतात्म्यांची चरित्रे ज्या धाटणीने लिहिली जातात, तीविषयी आमची एक तक्रार आहे. मरणाऱ्याचे धैर्य वर्णन करण्यात चरित्रकार इतका रंगून जातो, की मारणाऱ्याच्या अधिकाराचा प्रश्न त्याला सुचतच नाही. हिदेयोशीचा दोष त्याच्या मते एवढाच, की त्याने निरपराध्याला मारले. अपराधी असता तर? या प्रश्नापाशी चरित्रकाराची लेखणी थबकत नाही, कारण त्याच्या मनात त्याचे उत्तर अगोदरच ठरलेले असते: अपराधी असता तर मारणे योग्यच होते. म्हणजे दोष शिक्षेचा नव्हे, केवळ निवाड्याचा.

ही टीका आम्ही उगाच करीत नाही. या सव्वीस जणांना नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी रोममध्ये संतपद दिले. त्या दिवशी पोप हे केवळ धर्मगुरू नव्हते, ते एका राज्याचे राजेही होते. त्यांच्या राज्याचा सरकारी वधिक जोव्हान्नी बुगात्ती हा १७९६ पासून नोकरीवर होता आणि १८६४ पर्यंत राहिला. त्याने स्वतः ठेवलेल्या नोंदीप्रमाणे त्याच्या हातून पाचशेहून अधिक माणसांचा शेवट झाला. राजाज्ञेने मारलेल्या एका वसईकराला ज्या नगरीने वेदीवर बसवले, तीच नगरी राजाज्ञेने माणसे मारीत होती, आणि या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असे त्या समारंभात कोणाच्या मनात आल्याचे दिसत नाही. तेथील देहान्त शिक्षा थांबली ती १८७० साली, पोपांचे राज्य गेले तेव्हा. पुढे १९२९ साली व्हॅटिकनचे छोटे राज्य स्थापन झाले, त्याच्या कायद्यातही पोपांच्या हत्येच्या प्रयत्नाला देहान्त शिक्षा होती. ती सहावे पॉल यांनी १९६९ साली काढून टाकली.

दुसरी साक्ष याहून कटू आहे आणि तिचाही एक धागा वसईत सापडतो. शार्ल देलाँ नावाचा एक तरुण फ्रेंच वैद्य दमणला राहत असे. बाप्तिस्मा, मूर्ती आणि धर्मन्यायासन यांविषयी तो मोकळेपणी बोलला, एवढ्यावरून १६७३ साली त्याला अटक झाली. दमणहून गोव्यास नेताना वाटेत त्याला वसईच्या तुरुंगातही ठेवण्यात आले होते. गोव्याच्या इन्क्विझिशनच्या कोठडीत त्याने दोन वर्षे काढली, आत्मघाताचेही प्रयत्न केले, आणि जानेवारी १६७६ मध्ये त्याला शिक्षा सुनावण्यात आली: मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपारी, आणि पोर्तुगालात पाच वर्षे सक्तमजुरी. सुटल्यानंतर १६८७ साली त्याने आपली हकीकत छापली. आमचे थोर संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथात या साक्षीला महत्त्वाचे स्थान दिले, म्हणून ती आपल्याकडे अनेकांच्या परिचयाची झाली.

देलाँच्या लेखनाचा मोठा गुण असा की तो आक्रोश करीत नाही. जे पाहिले ते सांगतो आणि पुढे जातो. त्याच्या हकीकतीतील एक तपशील आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. ज्यांना जाळावयाचे ठरले त्यांना धर्मन्यायासन स्वतः जाळीत नसे. ते त्यांना सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली करी, आणि हवाली करताना, यांच्याशी दयेने वागावे, निदान रक्त सांडू नये, अशी विनंती करी. विनंती करणाऱ्याला पुढे चिता पेटणार हे ठाऊक असे, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असे. रक्त सांडू नये ही अट अग्नी अक्षरशः पाळी! दयेची भाषा किती निर्दय होऊ शकते, याचे याहून भेदक उदाहरण आम्हांस माहीत नाही. १५६० साली स्थापन झालेले हे न्यायासन मधली थोडी वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. हिदेयोशीच्या भाल्यात निदान दयेचा बहाणा नव्हता, असे म्हणण्याची पाळी ज्या संस्थेने आणली, तिचा विचार टाळून ख्रिस्ती न्यायावर लिहिणे हे आम्ही लेखन समजत नाही.

पण एवढ्यावरून निकाल देणे हाही अन्यायच होईल. संस्थेचे वर्तन आणि तिच्या मूळ ग्रंथांतील विचार यांत अंतर असू शकते. म्हणून ग्रंथांकडे वळू. बायबलातील न्याय म्हटला की आपल्या सुशिक्षित माणसाला ‘डोळ्याबद्दल डोळा’ हे वचन आठवते आणि तो त्याला सूडाची आज्ञा समजतो. वस्तुतः ती सूडाची मर्यादा आहे: एका डोळ्याबद्दल एकच डोळा, सारे कुटुंब नव्हे. उत्पत्तीच्या पुस्तकात रक्त सांडणाऱ्याचे रक्त माणसाकडून सांडले जाईल असे सांगितले आहे खरे. परंतु त्याच पुस्तकातील पहिला खुनी काईन याला ईश्वर मारीत नाही, उलट त्याला कोणी मारू नये म्हणून त्याच्यावर खूण करतो. त्याची शिक्षा मात्र चुकत नाही. त्याला भटकत राहावे लागते, आणि भावाच्या रक्ताचा आक्रोश भूमीतून चालूच राहतो. नव्या करारात पौल रोमकरांस लिहिताना राजसत्तेच्या हाती तलवार व्यर्थ दिलेली नाही असे म्हणतो, आणि देहान्तशासनाचे सारे ख्रिस्ती समर्थक याच स्थळी तळ ठोकतात. परंतु त्याच्या लगेच आधी त्याने स्वतः सूड घेऊ नका, शत्रू भुकेला असल्यास त्याला खाऊ घाला, असे बजावले आहे. ग्रंथाचे अध्याय पुष्कळ शतकांनंतर पाडले गेले. मूळ पत्रात हा एकच अखंड ओघ आहे. बाराव्या अध्यायाशेवटी पुस्तक मिटणारा आणि तेराव्या अध्यायापाशी उघडणारा, दोघेही अर्धाच पौल वाचतात.

येथे एक भाषेचाही मुद्दा आहे. हिब्रू ग्रंथांत न्यायासाठी जो शब्द येतो त्यात न्यायालयातील निवाडा, गरिबाला मिळावयाचा वाटा आणि माणसाचे सरळ वर्तन हे सारे एकत्र आहे. प्रचलित मराठी बायबलात त्याच्यासाठी बहुधा ‘नीतिमत्त्व’ हा शब्द येतो. शब्द चुकीचा नाही. पण त्याला शाळेतील सुविचारांचा वास आहे, तसा ‘न्याय’ या शब्दाला कचेरीचा. दोन शब्दांच्या मध्ये मूळची कल्पना निसटते आणि वाचकाच्या पदरी उरते ती शिक्षा. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’चे मोल आम्हांस वाटते ते याच कारणाने. त्यातील नव्या कराराच्या अनुवादाला साहित्य अकादमीचे २०१३ चे पारितोषिक मिळाले. ख्रिस्ती शास्त्र हे घरातल्या मराठीत बोलू शकते, हे त्यांनी दाखवले. आता त्या मराठीत न्यायाचा विचारही तितक्याच सखोलपणे व्हावयास हवा.

ग्रंथकारांत प्रथम नाव घ्यावयाचे ते ऑगस्टीनचे. ४१२ च्या सुमारास आफ्रिकेतील काही पंथवेड्यांनी एका धर्मगुरूचा खून केला व दुसऱ्याला अपंग केले. गुन्हा कबूल झाला होता. मृत धर्मगुरू ऑगस्टीनच्या स्वतःच्या पक्षाचा होता. तरीही त्याने मार्सेलिनस या अधिकाऱ्यास पत्र लिहून विनविले, की यांना जशास तसे शासन करू नये. त्यांचे हातपाय शाबूत ठेवून काही उपयोगाच्या कामास लावावे. शिक्षा करू नये असे तो म्हणत नाही. शिक्षेने माणूस संपू नये असे म्हणतो. पुढे याच ऑगस्टीनने पाखंड्यांवर राजसत्तेचा धाक असावा हेही मान्य केले, आणि त्या मान्यतेचा आधार घेत पुढील शतके कोठवर गेली हे वर सांगितलेच आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने सडलेल्या अवयवाचा दृष्टान्त दिला: देह वाचविण्यासाठी अवयव कापावा, तसा समाज वाचविण्यासाठी अपराधी काढून टाकावा. पश्चात्तापाला अवकाश राहत नाही, या आक्षेपावर त्याचे उत्तर असे की मरण समोर दिसताना अपराध्याला ती संधी मिळतेच. तेव्हाही जो द्रवत नाही तो पुढे द्रवण्याचा संभव थोडा. दृष्टान्त चटकदार आहे, पण तो पायापाशीच कच्चा आहे. कापलेल्या बोटाला आई नसते, आणि त्याच्यासाठी कोणी क्रूसावर गेल्याचे ख्रिस्ती धर्म सांगत नाही.

आता आजचे मत. कॅथॉलिक धर्मसभेच्या प्रश्नोत्तरीवजा अधिकृत शिकवणुकीच्या ग्रंथात १९९२ साली अतिशय गंभीर प्रसंगी देहान्त शिक्षेला जागा होती. १९९५ साली दुसरे जॉन पॉल यांनी असे प्रसंग आता जवळजवळ उरलेच नाहीत असे लिहिले व त्याप्रमाणे १९९७ साली मजकूर बदलला. ऑगस्ट २०१८ मध्ये फ्रान्सिस यांच्या संमतीने तो पुन्हा बदलून ही शिक्षा अस्वीकार्य ठरविण्यात आली. कारणे तीन दिली आहेत: घोर अपराधानेही माणसाची प्रतिष्ठा नष्ट होत नाही, शिक्षेच्या हेतूविषयीची समज बदलली आहे, आणि बंदोबस्ताची साधने सुधारली आहेत.

निष्कर्ष आम्हांस मान्य आहे; मांडणी मान्य नाही. पहिले आणि तिसरे कारण एका दावणीला बांधता येत नाही. माणसाची प्रतिष्ठा हे कारण खरे असेल, तर तुरुंगाच्या भिंती कच्च्या असोत वा पक्क्या, ते खरेच राहील. आणि मग बुगात्तीच्या काळीही ही शिक्षा अस्वीकार्यच होती असे म्हणावे लागेल. पक्क्या भिंती हे कारण खरे असेल, तर जेथे त्या नाहीत तेथे फास चालतो असे होईल. या दोहोंच्या आडोशाने जे वाक्य लिहावयाचे राहिले ते इतकेच: आम्ही चुकलो होतो. दुसऱ्याला पश्चात्तापासाठी अवधी मागणाऱ्याने स्वतःचा पश्चात्ताप परिस्थितीच्या बदलात लपवू नये. प्रॉटेस्टंट पंथांत तर याविषयी आजही एकमत नाही. क्वेकर आणि मेनोनाइट यांचा फासाला जुना विरोध, तर इतर अनेकांचा पौलाच्या तलवारीवर भर.

परंतु आमच्या वाचकाच्या मनातील खरा प्रश्न याहून जवळचा आहे. एखाद्या घरातील लेकरू नाहीसे होते, दोन दिवसांनी प्रेत सापडते. आणि रविवारी त्या घराला क्षमेवरचे प्रवचन ऐकावे लागते. त्या आईने काय करावे? ख्रिस्ती प्रवचनकारांचा येथे एक मोठा प्रमाद होतो, तो असा की ते दुसऱ्याच्या वतीने क्षमा करून मोकळे होतात. गोन्सालोच्या काळातच पैठणास एकनाथ होऊन गेले. अंगावर वारंवार थुंकणाऱ्या माणसावर न रागावता ते पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करून आले, ही आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. तिची थोरवी यात, की थुंकी नाथांच्या अंगावर पडली होती. शेजाऱ्याच्या अंगावर पडली असती आणि नाथांनी क्षमा केली असती, तर ती कथा कोणी सांगितली नसती.

२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे गाडीत जिवंत जाळले गेले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारणाऱ्यांना क्षमा केली. पण त्याचबरोबर, क्षमा आणि अपराधाचे कायदेशीर परिणाम या दोन गोष्टींची गल्लत करू नये, असेही त्यांनी स्पष्ट केले. मुख्य आरोपीला खालच्या न्यायालयाने २००३ साली फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००५ साली ती जन्मठेपेवर आणली, आणि २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली. दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातील. फेब्रुवारी १९९५ मध्ये सिस्टर राणी मारिया यांचा बसप्रवासात खून झाला. मारेकरी जन्मठेप भोगीत असता मृत सिस्टरच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे २००६ साली तो सुटला. येथे राखी बांधणारी बहीण होती, शिफारस करणारा बाहेरचा उपदेशक नव्हे; आणि तुरुंगातील वर्षेही चुकली नव्हती. आमच्या मते या दोन स्त्रियांनी ख्रिस्ती न्यायविचार जितका नेमका मांडला, तितका तो शास्त्रग्रंथांतही सापडणे कठीण. ज्याच्यावर घाव पडला, क्षमा करणे वा न करणे हा अधिकार त्याचा. शिक्षा करणे हे काम राज्याचे. आणि या दोहोंना वेळ मिळावा म्हणून अपराधी जिवंत असला पाहिजे. त्या आईला आज क्षमा सुचणार नाही. दहा वर्षांनीही कदाचित सुचणार नाही, आणि त्याबद्दल तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण सुचलीच तर ती कोणाला करावयाची, तो मनुष्य उरला पाहिजे.

क्षमेचा अर्थ गुन्हेगाराला रान मोकळे असा नव्हे, हेही वसईने पाहिले आहे. ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादक असलेले दिब्रिटो हे जमिनी गिळणाऱ्यांविरुद्ध व त्यांच्या दहशतीविरुद्ध हरित वसईच्या चळवळीत उभे राहिले, तेव्हा त्यांनी लोकांना सोसत बसा असे सांगितले नाही. कायद्याचे राज्य मागावयास सांगितले. त्यांची अहिंसा कायद्याला पर्याय म्हणून नव्हती, कायदा जागा करण्यासाठी होती. २५ जुलै २०२४ रोजी ते वारले. त्यांच्या साहित्याबरोबर त्यांच्या या भूमिकेचाही अभ्यास व्हावा.

आपल्या देशाचा कायदा देहान्त शिक्षा ठेवून आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली बचनसिंग खटल्यात ती दुर्मिळातील दुर्मिळ प्रसंगापुरती मर्यादित केली आणि अपराधी सुधारण्याचा संभव तपासण्यास न्यायाधीशांना सांगितले. विधी आयोगाने २०१५ साली दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध यांखेरीज ती रद्द करण्याची शिफारस केली. सुधारण्याचा संभव तपासा असे म्हणताना आपले न्यायालय ऑगस्टीनच्या पत्रापासून फारसे दूर नाही, आणि तेथे पोहोचण्यास त्याला कोणत्याही धर्मग्रंथाची गरज पडली नाही. म्हणून हा वाद केवळ ख्रिस्ती मंडळींचा आहे असे समजून वाचकांनी बाजूला सरू नये.

राहता राहिला तो वसईचा संत. त्याचे चरित्र मराठीत पुन्हा लिहिण्याचे कोणी मनावर घेतले, तर आमची एक सूचना आहे. नागासाकीच्या टेकडीचे वर्णन झाल्यावर लेखकाने पुस्तक संपवू नये. एक प्रकरण त्याने दमणहून आणलेल्या त्या फ्रेंच वैद्याला द्यावे, ज्याने वसईच्याच कैदेत, ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्या न्यायासनाची वाट पाहिली; आणि एक द्यावे रोममधील १८६२ च्या त्या जून महिन्याला. संताची थोरवी त्याने कमी होणार नाही. तो कोणत्या हातांनी मेला इतकेच आजवर आपण वाचत आलो. त्याचे नाव घेणाऱ्या हातांनी काय केले, हेही मग वाचकाला कळेल.